टपालाने आलेला रोगी

॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास ४
१२ जानेवारी १९८४

चि. अंबुजास गुरुमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. पोस्टमनने ते थेट हातात दिले, कारण मी दारच्या तिण्णैवरच बसलो होतो. (तिण्णै म्हणजे ओटा. माझी पत्रे तू खोलीतल्या पुणेकर मैत्रिणींना वाचून दाखवतेस, म्हणून सांगून ठेवतो.) शाळेला पोंगलची सुट्टी आहे. संस्कृत घेणारी मुले यंदा इतकी थोडी आहेत की सुट्टी लागली तरी वर्गात फारसा फरक पडत नाही. सकाळी रेडिओवर संस्कृत वार्ता लागतात. गल्लीत त्या ऐकणारा मी एकटा, तेव्हा निवेदक केवळ माझ्यासाठीच इतक्या पहाटे उठत असावेत असे वाटून थोडा संकोच होतो.

आता तुझ्या दुःखाकडे वळू. चाचणीला तुला भोरकडच्या एक बाई तपासायला दिल्या. तू खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पुस्तकातले प्रश्न विचारलेस. त्या म्हणाल्या, बाई तुम्ही कुठल्या, अशा काय बोलता, आणि सगळा वॉर्ड हसला. मग उरलेले प्रश्न तू विचारलेच नाहीस. तुझ्या प्राध्यापकांनी शेरा दिला की यकृतावरचे पुस्तक या मुलीला पाठ आहे, पण यकृत ज्याच्या पोटात असते त्या माणसाशी तिला बोलता येत नाही. वाक्य म्हणून शेरा चांगला आहे, पण मला तो मान्य नाही. तुझी आई, माझी आक्का, गेल्यावर चार वर्षांची तू या घरी आलीस, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलेस की मामा, तुला मिशी का नाही, बायको का नाही, आणि तू आजारी पडलास तर तुला मऊ भात कोण करतो. असे नेमके प्रश्न विचारणारी मुलगी पुण्याला बाबांकडे जाऊन पाच वर्षांत मुकी झाली असेल तर दोष तिथल्या पाण्याचा असावा.

मी एक उपाय काढला आहे. मी तुला टपालाने रोगी पाठवीन. तू निदान कर, उपचार सांग, आणखी काय विचारायचे ते लिही. मी त्यांना विचारून कळवीन. रोगी दगावला तरी त्याचे नातेवाईक दंगा करणार नाहीत, आणि तुझ्या बोलण्याला तर मुळीच हसणार नाहीत, कारण ते माझ्यासारखेच तंजावरी मराठी बोलतात.

पहिला रोगी राणोजी. तंजावरचा, पंचावन्नचा, पूर्वी एका जमीनदाराकडे दिवाणजी. तक्रार अशी की उदराची वृद्धी झाली आहे, चप्पल पायात शिरत नाही, आणि बाकीचे अंग हाडाला चिकटले आहे. तो रोज सायंकाळी भजनाला जातो. घरी परतल्यावर तोंडाला जो वास येतो तो उदबत्तीचा नसतो, असे बायको म्हणते.

यकृताला संस्कृतात कालखंड असे एक नाव आहे, हे तुझ्या प्राध्यापकांना सांग. प्रत्येकाच्या उजव्या बरगडीखाली एक अख्खा कालखंड असतो आणि तो बिघडल्याचे कळायला फार वेळ लागतो. असो. शेजारच्या सरोजा मामींचे गुडघे पूर्ववत दुखत आहेत. त्या तुला आशीर्वाद सांगतात.

कळावे. लोभ आहेच, तो अभ्यासातून उरेल तेवढा असू द्यावा.
गुरुमामा


मुलींचे वसतिगृह, पुणे
२१ जानेवारी १९८४

ती. रू. गुरुमामांस अंबुजाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

राणोजी पोचले. फार वास येत होता.

त्यांना लिव्हरचा सिऱ्हॉसिस आहे आणि पोटात पाणी झालंय. तळहात लाल आहेत का, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक शिरा उमटल्यात का, उलटीतून कधी रक्त पडलं का, शौचाला डांबरासारखं काळं होतं का, हे बघायला हवं. बायकोला वेगळं बोलावून विचारेन की ते दिवसा झोपतात आणि रात्री जागतात का, अलीकडे बोलताना घोटाळा होतो का. तसं असेल तर विष मेंदूपर्यंत गेलं. मीठ बंद, पाणी बेताने. पोटातलं पाणी एकदम काढायचं नाही, थोडं थोडं. आणि भजन बंद. ते ऐकणार नाहीत, हे मला आत्ताच दिसतंय.

एक तक्रार आहे. कुठलाही रोगी "उदराची वृद्धी" म्हणत नाही. तो म्हणतो, पोट फुगलंय. सरांनी वर्गात सांगितलं की खाटेशी उभं राहायचं नाही, स्टूल ओढून बसायचं, रोग्याचं पहिलं वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यायचं, मध्ये शब्द घालायचे नाहीत. काल मी बसले. एक शेतकरी आजोबा होते. त्यांनी आधी बैलाची हकिगत सांगितली, मग पोटाची. कोणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण बैलाला.

दुसरा रोगी कावीळवाला पाठवा. परीक्षेत कावीळ हमखास येते. सोबत माझं टिपण पाठवतेय. काविळीचे तीन प्रकार, एक रक्त फुटून होणारी, दुसरी लिव्हरला सूज येऊन होणारी, तिसरी पित्ताची वाट बंद झाल्याने होणारी. पहिले दोन नीट लिहिलेत. तिसरा वाचायचा राहिलाय, म्हणून ते पान कोरं आहे.

तुम्ही सरोजा मामींच्या गुडघ्यांचं लिहिता, स्वतःचं काहीच लिहीत नाही. जेवण वेळेवर होतं का? एकट्यासाठी रसम करायचा कंटाळा करता ते मला माहीत आहे.

मामा, आशीर्वाद पाठवत राहा, सध्या त्यांचा खप मोठा आहे.
तुमची अंबुजा


॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास ४
४ फेब्रुवारी १९८४

चि. अंबुजास आशीर्वाद.

राणोजीला तुझे निदान वाचून दाखवले. तो म्हणाला की मुलगी हुशार आहे, पण तिला संगीतातले कळत नाही. मग भजनाला गेला.

आज दोन रोगी पाठवतो. पहिला दत्ताजी, हॉटेलात आचारी. ताप भरतो, घाम येतो, उजव्या बरगडीखाली दुखते. नवल म्हणजे दुखणे उजव्या खांद्यावर जाऊन बसते. खोकला किंवा हसला की कळ येते, त्यामुळे मालक खूश आहे, कारण दत्ताजी आता विनोद करीत नाही. दिवाळीच्या सुमारास त्याला आव पडून गेली होती. दुसऱ्यांना जेवू घालणारा माणूस स्वतः काय खातो कोण जाणे.

दुसरा वेंकोबा. वय माझ्या आसपास, बँकेत कारकून. पोट फुगलेले नाही, दारू नाही, विडीही नाही. एकटा राहतो. त्यामुळे डोळे पिवळे झाल्याचे दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. दाढी करताना आरशात त्यालाच दिसले. त्याने प्रथम दिवा बदलून पाहिला. नव्या दिव्यातही डोळे तसेच दिसले, तेव्हा त्याने आरसा पुसला. मग मात्र करण्यासारखे काही उरले नाही.

लघवी काप्पीच्या (म्हणजे कॉफीच्या) कडक डिकॉक्शनसारखी काळपट होते. शौच उलट शाडूच्या मातीसारखे, पांढुरके. हे तो मोठ्या संकोचाने सांगतो, मीही तितक्याच संकोचाने लिहितो. पण त्याला याचे फारसे दुःख नाही. त्याचे दुःख खाज आहे. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती आतून खाज. देवळात खांबाला पाठ टेकून घासतो. लोकांना वाटते भक्तीने डोळे मिटले. खडू लागला की तळहात अधिकच खाजतात. अंघोळीला गार पाणी घेतले तर घटकाभर बरे वाटते.

अप्पाजी वैद्यांनी त्याला भुईआवळा, इकडे ज्याला कीळानेल्ली म्हणतात, तो वाटून ताकातून घ्यायला सांगितला आहे. तेल, तूप, तिखट, मीठ सगळे बंद. गडी सडसडीत झाला आहे. शेजारी विचारतात, तेव्हा तो सांगतो की पथ्याने उतरलो. पथ्याचा हा मोठा फायदा. माणूस का वाळतो हे कोणाला समजावावे लागत नाही.

सावकाश निदान कर. त्याला घाई नाही.

माया असू द्यावी, मात्र बेताने.
गुरुमामा


पुणे
१३ फेब्रुवारी १९८४

ती. रू. मामांस शि. सा. नमस्कार.

दत्ताजींना लिव्हरमध्ये अमीबाचं गळू झालंय. आव झाली तेव्हा ती पूर्ण बरी केली नाही. गोळ्यांनी आटोपेल, नाहीच आटोपलं तर सुई घालून पू काढायचा. तो चॉकलेटी निघतो. पुन्हा विनोद करतील, मालकाला कळवा.

वेंकोबांचं पत्र मी मैत्रिणींना वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबले. त्यांना सांगितलं की पुढचं अक्षर लागत नाही.

मी पाठवलेल्या टिपणात खाज नव्हती, मामा. मातीसारखं शौच नव्हतं. ते सगळं तिसऱ्या प्रकारात येतं आणि ते पान मी तुम्हाला कोरंच पाठवलं होतं. काल ग्रंथालयात बसून ते वाचलं. एकेक ओळ वेंकोबांची आहे. पुस्तकात एवढंच नाही की दिवा बदलून पाहिला. आणि बँकेतल्या कारकुनाच्या हातात खडू कशाला?

त्याचं उत्तर नका देऊ. मी वेंकोबांनाच विचारते, आणि त्यांनीच सांगावं. खरं सांगतील तर मी तुम्हाला काही विचारणार नाही.

पिवळेपणा किती दिवसांचा आहे? वाढतच चाललाय, की मध्ये उतरून परत चढला? सुरुवातीला दुखलं होतं का, आणि कुठे? हुडहुडी भरून ताप आला का? हे सगळ्यात महत्त्वाचं. भूक आधी गेली की पिवळेपणा आधी आला? उजव्या बरगडीखाली हाताला लिंबाएवढं काही लागतं का? त्यांनी उताणं झोपून, गुडघे मुडपून, श्वास आत घेताना बोटांनी बघावं. दुखत असेल तर दाबू नये.

माझी परीक्षा सव्वीस मार्चला सुरू होतेय, सहा एप्रिलला संपते. पण मला वेंकोबांचं उत्तर त्याआधी हवं. परतीच्या टपालाने.

तुमची
अंबुजा


॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास ४
२६ फेब्रुवारी १९८४

चि. अंबुजास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मध्ये शाळेच्या तोंडी परीक्षा होत्या. विद्यार्थी थोडे असले तरी प्रत्येकाची चूक स्वतंत्र असते.

वेंकोबाने तुझे प्रश्न लक्ष देऊन वाचले. तो म्हणाला की इतकी चौकशी त्याची आजवर कोणी केलेली नाही आणि उत्तरे द्यायला त्याला थोडी लाज वाटते. पण देतो. पिवळेपणा प्रथम मार्गशीर्षात आला, सगळीकडे देवळांतून पहाटेचे ध्वनिक्षेपक लागले होते तेव्हा. पथ्य आणि भुईआवळ्याने उतरला. संक्रांतीला डोळे जवळजवळ पांढरे होते, आणि अप्पाजींना धोतरजोडी देऊन झाली. नंतर परत चढला. धोतरजोडी परत मागता येत नाही.

आरंभाला एका लग्नात जेवला होता. तुपातला जिलेबीचा प्रकार होता. त्या दुपारी उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मंडपामागे जाऊन बसला. लोकांना वाटले, मुलीकडचा असेल, रडतो आहे. त्यानंतरही एकदोनदा आली, पण तितकी नाही. भूक पिवळेपणाच्या आधी गेली नाही. लिंबू, आवळा वगैरे हाताला काही लागत नाही, मात्र तिथे बोट ठेवले की श्वास अडतो.

हुडहुडीचे विचारलेस. परवा वर्गात, म्हणजे बँकेत, भर उन्हात त्याला थंडी वाजली. दात वाजू लागले. मुलांना वाटले मास्तर विडंबन करताहेत. ती हसली. मग खूप ताप आला आणि सायंकाळी घामाने उतरला. घरी जाऊन पांघरूण घेतले. दुसऱ्या दिवशी बरा होता.

तू म्हणशील इस्पितळात जा. वेंकोबा एकदा गेला होता, हे सांगायचे राहिले. सरकारी इस्पितळात चिठ्ठी लिहिणाऱ्याने नाव, वय, धर्म विचारला आणि मग विचारले की सोबत कोण आले आहे. वेंकोबाने मागे वळून पाहिले. वस्तुतः त्याला ठाऊक होते की मागे कोणी नाही. तरी वळून पाहिले. मग पोटाला आता बरे आहे असे सांगून तो परत आला. वाटेत लझच्या कोपऱ्यावर काप्पी घेतली. तिला चव नव्हती.

मूर्ख माणूस आहे. पण स्वभावाने वाईट नाही. तू अभ्यास कर.

मामावरची माया ढळू न द्यावी.
गुरुमूर्ती


पुणे
३ मार्च १९८४

ती. रू. मामांस शि. सा. नमस्कार.

वेंकोबांच्या नावाने लिहिणं मला आता जमत नाही. मामा, तुम्ही आजारी आहात.

जेवढं मला कळतं तेवढं स्पष्ट लिहिते. पित्ताच्या नळीत काहीतरी अडकलंय. दोन गोष्टी असू शकतात. कळ येणं, हुडहुडी भरणं, पिवळेपणा चढणं-उतरणं हे सगळं खड्याकडे बोट दाखवतं. खडा काढता येतो, माणूस पुरता बरा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वादुपिंडाच्या तोंडाशी किंवा नळीच्या टोकाशी गाठ. तिच्यात बहुधा दुखत नाही, पिवळेपणा चढतच जातो, पित्ताशय हाताला लागतं. ते तुमचं नाही. पण काही गाठीही चढउतार दाखवतात, हे पुस्तकात आहे, आणि मी ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं. पुण्यात बसून मला तुमच्या पोटावर हात ठेवता येत नाही.

पण थंडी वाजून ताप आला म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू शिरलेत. हे थांबणारं नाही. पुढच्या वेळी ताप उतरला नाही तर माणूस जातो. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, हे उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण मिळतात इतकं खरं आहे.

भुईआवळा बंद करा. पथ्याने खडा विरघळत नाही. संक्रांतीला डोळे पांढरे झाले ते औषधाने नाही, खडा घटकाभर बाजूला सरला म्हणून. धोतरजोडी अप्पाजींना लखलाभ.

उद्या सकाळी इस्पितळात जा. सोबत कोण म्हणून विचारलं तर सांगा, भाची डॉक्टर आहे, येतेय. दोन आठवड्यांत दाखल झाल्याचं पत्र आलं नाही तर मी परीक्षा सोडून गाडीत बसेन. सहा महिन्यांनी परत देता येते. मी धमकी देत नाहीये. माझी ट्रंक खाटेखालून बाहेर काढली आहे.

तुमचा लोभ नंतर बघू, आधी तुम्ही हवे.
अंबुजा


॥ श्री ॥
सरकारी इस्पितळ, मद्रास
१२ मार्च १९८४

चि. अंबुजास अनेक आशीर्वाद.

ट्रंक खाटेखाली परत घाल. दाखल झालो आहे. खाट खिडकीशी आहे, खाली चिंचेचे झाड आहे. नसेतून औषध देतात. हुडहुडी येऊन गेली आणि यावेळी ताप टिकला. पण आता उतरला आहे. तुझ्या उत्तरपत्रिकेला पूर्ण गुण.

नव्या यंत्राने पोटाचे चित्र काढले. पोटाला थंडगार चिकट काहीतरी लावतात आणि आत पाहतात, ते समुद्राच्या तळासारखे दिसते. पित्ताशयात खडे दिसले, नळी फुगलेली दिसली. पण नळीचे टोक आतड्यातल्या वाऱ्यामुळे दिसत नाही. तिथे खडा आहे की तुझी दुसरी गोष्ट, ते पोट उघडल्यावरच कळेल, असे शल्यवैद्य सांगतात. पित्त आतड्यात जात नसल्याने रक्त गोठत नाही, म्हणून कसल्याशा के जीवनसत्त्वाच्या सुया चालू आहेत. रक्त तयार ठेवावे लागेल, आपला नंबर यावा लागेल, म्हणून दहा एप्रिल, मंगळवार, ठरला आहे. तुझी परीक्षा सहाला संपते. तेव्हा मध्ये येण्याचे काही कारण नाही. ही मी तुला तुझ्या आईच्या जागी राहून केलेली आज्ञा समज. आजवर मी तुला आज्ञा केलेली नाही, त्यामुळे हिची धार शाबूत आहे.

इथे मी फार उपयोगी ठरलो आहे. अंतिम वर्षाची मुले रोज येतात आणि माझ्यावर शिकतात. एक मुलगी तर तुझ्यासारखीच खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि पुस्तकातले प्रश्न विचारू लागली. मी तिला स्टूल दाखवले. बसल्यावर तिचा आवाज बदलला. मी सगळी हकिगत अशी क्रमवार सांगितली की तिचे प्राध्यापक म्हणाले, हा रोगी कोणी तरी शिकवून तयार केलेला आहे. मी म्हटले, होय, पुण्याहून.

शेजारच्या खाटेवर चेंगलपट्टूकडचा एक जण आहे, पोटातला व्रण फुटून आलेला. त्याची बायको अलमेलू खाटेखाली चटई टाकून असते. ती त्याला रागावते, अंग पुसते, चमच्याने कांजी भरवते आणि भरवताना स्वतःचे तोंडही उघडते. सकाळी धाकटा भाऊ येतो, दुपारी सासरा. सासरा जावयाशी बोलत नाही, नुसता बसतो. संध्याकाळी मुलगी शाळेतून येते आणि पाढे म्हणून दाखवते. तेराच्या पाढ्यात ती चुकते, रोज एकाच ठिकाणी. अलमेलू त्याला विचारते, झोपलास का, आणि तो म्हणतो, नाही. मग ती म्हणते, मग झोप. असा संवाद मी कोणत्याही नाटकात वाचलेला नाही.

माझ्यापाशी माणसांची मुळीच वाण नाही. सरोजा मामींचा मुलगा येतो, शाळेतले सहकारी येतात. मामी रसम पाठवतात. आयुष्यभर स्वतःच्या हातचे खाल्ले. आता सगळ्यांच्या हातचे खातो. रोग्याला नियम नसतात असे शास्त्रच सांगते, नेमके कोणते ते आठवत नाही.

काळजी करू नकोस. अभ्यासात मन घाल आणि उरलेले मामाकडे असू दे.
गुरुमामा


पुणे
२९ मार्च १९८४

ती. रू. मामांस शि. सा. नमस्कार.

तुमची आज्ञा मानली. लेखी पेपर देतेय, आजवरचे बरे गेले. मेडिसिनच्या पेपरात काविळीच्या तिसऱ्या प्रकारावर प्रश्न होता. मी सगळं लिहिलं. हात थांबत नव्हता, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. प्रात्यक्षिक सहाला संपेल.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, पेपराआधी पुस्तक वाचावं तसं. त्यात तुमचं पोट आहे, यंत्र आहे, चिंचेचं झाड आहे. आणि अर्धं पत्र शेजारच्या खाटेचं आहे. तेराच्या पाढ्यात ती मुलगी कुठे चुकते हे तुम्हाला माहीत आहे. सासरा किती वेळ बसतो हे माहीत आहे. भरवताना अलमेलूचं तोंड उघडतं हे तुम्ही बघितलंत.

सरोजा मामींच्या मुलाबद्दल एक ओळ आहे, त्यात तो काय बोलला ते नाही. सहकाऱ्यांत एकाचंही नाव नाही. तुम्ही माणसांची टिंगल केल्याशिवाय राहत नाही, मामा, आणि यांची तुम्ही केली नाहीत.

ज्याच्यापाशी कोणी बसतं तो शेजारच्या खाटेचं इतकं ऐकत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण निदान चुकलेलं असेल तर तसं लिहा. सगळ्या परीक्षेत मला याच एका निदानात चुकायचंय.

तुमच्यापाशी कोण बसतं?

तुमची
अंबुजा


सरकारी इस्पितळ, मद्रास
२ एप्रिल १९८४

प्रिय अंबुजा,

तुझे निदान बरोबर आहे. माझ्यापाशी कोणी बसत नाही. सरोजा मामींचा मुलगा डबा दाराशी देऊन कामावर जातो, तो चांगला मुलगा आहे. शाळेत मी कोणाला कळवलेले नाही.

शल्यवैद्यांनी काल विचारले की मंगळवारी बाहेर कोण असेल, रक्तासाठी कोण येईल, पोट उघडल्यावर काय दिसले ते कोणाला सांगायचे. मी एक नाव सांगितले. आज पुन्हा विचारले, तेव्हा दुसरे सांगितले. ते खाटेच्या कडेला बसले. डॉक्टर बसले की माझ्यासारख्या माणसाचेही काही चालत नाही. मग मी तुझे नाव सांगितले.

मला भीती वाटते. खड्याचीही वाटते आणि दुसऱ्या गोष्टीचीही. दोन्हींपैकी जे निघेल ते प्रथम तुला कळावे, आणि तू मला सांगावेस.

परीक्षा झाली की ये. या पत्राचे उत्तर टपालाने पाठवू नको.

मामा